‘इमर्ज’ची नोंद

‘इमर्ज’ या क्रियापदापाशी इंग्रजी-मराठी कोशाचं काम अडलं, तेव्हा संपादक विभागातल्या सगळ्यांना मनातून बरंच वाटलं. अडलेल्या शब्दावर भांडता येतं. न अडलेल्या शब्दावर नुसतं काम करावं लागतं.

“त्यात काय एवढं?” प्रुफं वाचणाऱ्या ताई म्हणाल्या. “इमर्ज म्हणजे बाहेर येणं. लिहा आणि पुढे चला.”

“आणि अपिअर?” सरांनी विचारलं.

“दिसणं.”

“टर्न अप?”

“टपकणं,” अक्षरजुळणी करणारा टकटक कॉम्प्युटरमागून म्हणाला. “जेवायच्या वेळेला येतो तो टपकतो. सगळं काम उरकल्यावर येतो तो उगवतो. आणि आमच्या सासूबाई न कळवता येतात, त्या अवतरतात.”

“आणि आपले नवे व्यवस्थापक?” ताईंनी हळूच विचारलं.

“ते उपटतात,” टकटक त्याहून हळू म्हणाला, आणि सर मान मागे टाकून हसले.

सर मुख्य संपादक होते. निवृत्तीचं वय उलटून गेलं होतं, पण कोश पुरा व्हायचा होता, म्हणून दरवर्षी त्यांना वर्षाची मुदतवाढ मिळे. यंदाची या महिन्याअखेर ठरायची होती आणि ती त्या उपटणाऱ्या व्यवस्थापकांच्याच हातात होती. त्याविषयी खोलीत कोणी बोलत नसे. टकटकला टकटक म्हणत, कारण तो कळा दाबत नसे, बडवत असे. आणि खोलीतल्या सगळ्यात नव्या मुलीला मोजपट्टी म्हणत. तिनं भौतिकशास्त्रात पदवी घेतली होती आणि पहिल्याच आठवड्यात सर एका अर्थाबद्दल ‘बहुधा’ म्हणाले, तेव्हा तिनं विचारलं होतं, “बहुधा म्हणजे साधारण किती टक्के, सर?” नाव तिथेच पडलं. तिला ते आवडलं होतं.

“आपण चौघंच भांडतोय,” मोजपट्टी म्हणाली. “चार माणसांच्या मतावरून काय कळणार? उलट करू या. माणसं नजरेच्या टप्प्यात येतात, त्याच्या छोट्या क्लिप काढू. कोणी कोपऱ्यावरून येईल, कोणी दाराआडून, कोणी अंधारातून उजेडात. त्या खाली छापखान्यातल्या लोकांना दाखवू आणि विचारू, हा माणूस काय झाला? दिसला, उगवला, प्रकट झाला, बाहेर आला? ज्याला जास्त लोक जे म्हणतील ते लिहू.”

“आजवर कोशात असं कोणी केलंय?” ताईंनी विचारलं.

“म्हणून तर प्रत्येक कोशात उदाहरणाला तेच एक जहाज धुक्यातून बाहेर येतंय. आपल्यापैकी कोणी जहाज जवळून पाहिलंय तरी का?”

सरांना ही कल्पना फारच पसंत पडली. “करून बघ,” ते म्हणाले. “खरी माणसं घे. नाटक नको.”

त्या खोलीच्या काही रीती होत्या आणि मोजपट्टीला त्या पहिल्यापासून गमतीच्या वाटत आल्या होत्या. एक म्हणजे इथे कुणीही गुपचूप येत नसे. ताई दारातूनच म्हणत, “आले हो मी, छत्री ओली आहे, कोपऱ्यात ठेवतेय.” टकटक ओरडे, “टकटक हजर! हातात चहाचे कप आहेत, मध्ये येऊ नका.” सरांनीच नियम घालून दिला होता म्हणे. माझ्या खोलीत मांजरासारखं यायचं नाही, माझी तंद्री मोडते. मोजपट्टीही सवयीनं दारात “मी” एवढं म्हणू लागली होती. दुसरी रीत अशी की प्रत्येक पान सरांपुढे मोठ्यानं वाचलं जाई. ताई वाचत, सर डोळे मिटून ऐकत, एखाद्या स्वल्पविरामापाशी बोट उचलत आणि शेवटी ताईंनी बोट ठेवलेल्या जागी सही करत. त्यांची सही मोठी आणि जरा चढणीची होती. शब्द आधी कानाला पटला पाहिजे, असं ते सांगत. मोजपट्टीला ते पटलंही होतं.

कॅमेरा लावायची जागा तिनं नीट विचार करून निवडली. जिन्यापासून खोलीपर्यंत एक लांब पॅसेज होता. जिन्याकडच्या टोकाचा दिवा कधीचा गेलेला होता आणि खोलीच्या टोकाला मोठी खिडकी होती. म्हणजे येणारा माणूस आधी नुसता आकार असे, मग हळूहळू त्याला चेहरा फुटे. दाराशेजारच्या कपाटावर फोन ठेवला की सगळं टिपता येणार होतं. पण चोरून काही टिपायचं नाही, हे तिला कॉलेजमध्ये पक्कं शिकवलेलं होतं. तिनं ठळक अक्षरांत एक नोटीस छापून पॅसेजमधल्या फलकावर लावली. अमुक दिवशी सकाळी इथे चित्रण होईल, ज्यांना नको असेल त्यांनी मागच्या जिन्यानं यावं. नोटीस चांगली आठवडाभर आधी लावली, सगळ्यांच्या नजरेसमोर.

त्या आठवड्यात ताई रजेवर होत्या. त्यांची लेक बाळंत झाली होती.

ठरल्या दिवशी लोक उत्साहानं आले. टकटक खेकड्यासारखा आडवा नाचत आला आणि कपाटाकडे बघून त्यानं मुजरा केला. शेजारच्या खोलीतल्या हिशेबनीस बाईंनी कोपऱ्यावरून नुसतं डोकं काढलं, फोन दिसल्यावर ‘अग्गबाई’ म्हणून आत घेतलं. छापखान्यातला एक जण कागदाचा एवढा मोठा गठ्ठा उचलून आला की गठ्ठ्यालाच पाय फुटल्यासारखे दिसत होते. आणि सर आले, नेहमीसारखे.

क्लिप पाहताना मोजपट्टीला सरांची सगळ्यात आवडली. नाटक नव्हतं, घाई नव्हती. अंधारातून एक उंच आकार सुटा होत होता. खांदे आधी, मग पांढरे केस, मग चष्म्याची चमक. चेहरा नक्की कुठल्या क्षणी ‘दिसला’ म्हणायचा, हे ठरवायला तिनं ती क्लिप पुढे-मागे करून कितीतरी वेळा पाहिली. सरांचा हात भिंतीवर होता, हे तिला दिसलं होतं. मुलं चालताना कुंपणावरून काठी फिरवतात, तसली सवय असेल, असं तिला वाटलं. उलट त्यामुळे चालीला एक संथपणा आलाय, असंही वाटलं. ही क्लिप तिनं शेवटी ठेवली.

दाखवायच्या दिवशी खोली भरून गेली. छापखान्यातले लोक भिंतीला टेकून उभे होते, हिशेबनीस बाई खुर्ची घेऊन आल्या होत्या. ताई त्याच सकाळी रजेवरून परतल्या होत्या आणि सगळ्यांना पेढ्याऐवजी नातीचे फोटो वाटत होत्या. नोटिशीबद्दल, क्लिपबद्दल त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगायला त्यांनी कुणाला उसंतच दिली नव्हती. सर पडद्यासमोर पहिल्या खुर्चीत बसले होते. दिवा मालवायच्या वेळेला व्यवस्थापक आले आणि दारातच हाताची घडी घालून उभे राहिले. “चालू द्या,” ते म्हणाले. “ऑफिसच्या वेळात सिनेमा असतो असं ऐकलं, म्हणून आलो.”

“या, या,” सर आवाजाच्या दिशेनं वळून म्हणाले. “सिनेमा नाही, प्रयोग आहे. आमच्या मोजपट्टीचा.”

पहिल्या क्लिपलाच हशा पिकला. “उपटला!” छापखान्यातून कोणीतरी ओरडलं. “नाचत आला म्हणजे अवतरला!” दुसऱ्यानं सांगितलं. हसू ओसरायच्या आत सरही म्हणाले, “अवतरला, अवतरला! शंकाच नाही.” हिशेबनीस बाईंच्या डोक्याला सगळ्यांनी एकमुखानं ‘डोकावल्या’ म्हटलं आणि बाईंनी तोंडाला रुमाल लावला. गठ्ठ्यावर खरोखरच वाद झाला. मोजपट्टी भराभरा टिपून घेत होती. व्यवस्थापकांच्या हाताची घडीसुद्धा सुटली होती.

मग शेवटची क्लिप सुरू झाली.

पडद्यावर पॅसेजचा अंधार होता. त्यात चपला घासल्याचा आवाज आला. मग आकार आला. मोठ्या पडद्यावर तो हात पहिल्यांदा हातासारखा दिसला. तळवा भिंतीवर सपाट होता आणि बोटं पुढे पुढे चाचपत होती. फलकाची चौकट लागल्यावर बोटं तिच्यावरून फिरली, मोजपट्टीच्या नोटिशीवरून फिरली आणि पलीकडे गेली. आग विझवायचं लाल नळकांडं जवळ आलं, तसा माणूस थांबला. त्यानं पायाच्या अंगठ्यानं अंदाज घेतला आणि वळसा घालून परत भिंत गाठली. खिडकीच्या उजेडात येण्याआधी तो उभा राहिला. खिशातून रुमाल काढून तळव्याला लागलेला चुना पुसला. कॉलर सारखी केली. मग चेहऱ्यावर हसू आणलं, ताठ झाला आणि खोलीच्या दाराकडे चालू लागला.

खोलीत कोणी हसलं नाही. कोणी शब्दही सांगितला नाही. मोजपट्टीनं पेन्सिल कागदावर टेकवून ठेवली होती, ती तिथेच राहिली.

“काय झालं?” सर उल्हासानं म्हणाले. “सगळे गप्प का? कोणीतरी पाय घासत येतंय, एवढं मला कळलं. म्हातारा दिसतोय. चला, सांगा शब्द!”

ताईंनी मोजपट्टीकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, नुसता अविश्वास होता, आणि ते जास्त वाईट होतं. मोजपट्टीला एका दमात सगळं उमगलं. दारात दिलेले आवाज, मोठ्यानं वाचलेली पानं, बोट ठेवून घेतलेल्या सह्या. ती रोज त्यांच्यासमोर बसत होती. प्रकाश, भिंगं आणि डोळा यांवर तिनं परीक्षेत पानंच्या पानं लिहिली होती.

“सर,” व्यवस्थापक सावकाश म्हणाले, “पडद्यावर कोण आहे, ओळखलं नाहीत?”

सरांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण त्याला आता आधार नव्हता.

“ते मी सांगितलं होतं!” मोजपट्टी उभी राहून म्हणाली. “मीच सरांना म्हटलं, भिंतीला हात लावून या म्हणून. प्रयोगासाठी. अंधारातून येणं नीट दिसावं म्हणून मीच—” तिचा आवाज चिरकला. आयुष्यात पहिल्यांदा ती आपल्याच निरीक्षणाबद्दल खोटं बोलत होती आणि ते इतकं वाईट जमत होतं की छापखान्यातल्या लोकांनी माना खाली घातल्या.

“नको गं,” सर म्हणाले. मग जरा थांबून, “मीच आहे का तो?”

 

व्यवस्थापक तसे वाईट माणूस नव्हते. त्यांनी सरांना आपल्या खोलीत नेलं, दार लावलं, आवाज चढवला नाही. नंतर ताईंकडून कळलं ते असं, की काचबिंदूनं सरांची नजर गेली दोन वर्षं कडेकडेनं खात आणली होती. आता मधोमध एक अंधूक भोक उरलं होतं, तेही फक्त भर उजेडात. व्यवस्थापकांनी एवढंच विचारलं की शेवटच्या प्रुफांवर सही कुणाची असते, आणि त्या सहीचा अर्थ काय होतो.  मुदतवाढ होणार नव्हती. शिवाय दोन वर्षांत सही झालेली सगळी पानं पुन्हा तपासायची होती. नंतर व्यवस्थापकांनी टकटकला त्या क्लिप ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायला सांगितल्या.

सरांना टकटक घरी सोडून आला. खोलीत ताई आणि मोजपट्टी दोघीच उरल्या होत्या.

“मला कोणीच सांगितलं नाही,” मोजपट्टी म्हणाली.

“काय सांगायचं होतं?” ताई टेबल आवरत म्हणाल्या. “अगं, आम्ही काय हौस म्हणून दारातून बोंबलत येत होतो?”

“मी नोटीस लावली होती, ताई. आठवडाभर.”

“हो ना. वाचायची नोटीस.” ताईंनी नातीचे फोटो पाकिटात घातले. ते आत जाईनात, तेव्हा त्यांनी पाकीटच टेबलावर टाकलं. “जाऊ दे. मी तरी रजेवर जाताना कुणाला सांगून जायला हवं होतं, फलक वाचून दाखवा म्हणून. पण सांगायचं म्हटलं की ते उघड बोलायला लागतं. आणि आम्ही कधी एकमेकांतसुद्धा उघड बोललो नाही. प्रत्येकाला वाटायचं, आपल्याला एकट्यालाच कळलंय.”

मोजपट्टीला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आलं नाही. आपण घरी बसून ती क्लिप किती आवडीनं पाहिली, मागे नेली, पुढे आणली, चेहरा उजळायचा क्षण शोधला, हेच तिला पुन्हा पुन्हा आठवत होतं. तिच्या सगळ्या अंगाला कसलीतरी ओशट लाज चिकटली होती.

पुढच्या रविवारी ती सरांच्या घरी गेली. काकूंनी दार उघडलं, तिला ओळखलं आणि बाजूला झाल्या. “या” म्हणाल्या, पण बसा म्हणाल्या नाहीत. सर खिडकीशी खुर्चीत होते. समोर पेपर होता, घडीसुद्धा न मोडलेला.

“सर, मी आलेय. मोजपट्टी.”

“ये. बस. हिला पाणी दे गं.” काकू आत गेल्या.  मग सर म्हणाले, “क्षमा वगैरे मागू नकोस. मला ते ऐकवत नाही. दुसरं काहीतरी पाहिजे.”

“सांगा ना.”

“त्या क्लिपमध्ये काय दिसतं, ते सांग. तू सगळं बारकाईनं बघतेस. मी कसा दिसतो?”

 त्यांनी मागितलेली हीच एक गोष्ट होती. तिनं सांगायला सुरुवात केली. अंधार, चपलांचा आवाज, तळवा, बोटं, फलकाची चौकट. सर डोळे मिटून ऐकत होते, प्रुफं ऐकावीत तसे.

“नळकांड्यापाशी?”

“थांबलात. पायानं चाचपलंत.”

“ते एकदा लागलं होतं नडगीला,” ते म्हणाले. “पुढे?”

“रुमालानं हात पुसलात. कॉलर नीट केलीत. मग हसलात.”

“कुठे? दारात?”

“दाराच्या अलीकडे. पॅसेजमध्ये कोणी नव्हतं तेव्हाच.”

“कसं होतं हसू?”

इतके दिवस ती शब्दांतच बुडालेली होती आणि आता एकही हाताशी येईना. “छान” म्हणता आलं असतं. “घाईघाईत शेवटचं बटण लावावं, तसं,” ती म्हणाली.

सरांचे कान लाल झाले. ते खिडकीकडे वळले, जणू तिकडे काही बघायचं होतं. “मला वाटायचं, छान जमतंय,” ते म्हणाले. “ताईला माहीत होतं?”

“हो.”

“टकटकला?”

“हो, सर. सगळ्यांनाच.”

“म्हणजे मी त्यांना फसवत होतो, आणि ते मला.” त्यांनी पेपरच्या घडीवरून नख फिरवलं. “मांजरासारखं यायचं नाही म्हणे. केवढ्या ऐटीत सांगितलं होतं मी.”

काकू पाणी घेऊन आल्या, पेला मोजपट्टीच्या हातात दिला आणि सरांच्या खांद्याला नुसता हात लावून परत आत गेल्या. मोजपट्टीनं पेला तसाच खाली ठेवला आणि फोन काढला.

“ती क्लिप अजून माझ्या फोनमध्ये आहे. तुम्हाला न विचारता काढली, म्हणून निदान पुसायच्या आधी तरी विचारते.”

“पूस.”

तिनं पुसली. त्याला ना आवाज झाला, ना काही.

“पुसलीस?”

“हो. काकूंना दाखवू का, खात्रीसाठी?”

“नको, नको,” ते घाईनं म्हणाले. “तिनं पाहिलेली नाही ती. तू म्हणतेस ना, मग पुसलीच असशील.”

आता उठून निघता आलं असतं. त्यांनी विश्वास ठेवला होता आणि फोनपुरता तो खराही होता. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. “सर, आणखी एक आहे,” ती म्हणाली. “ऑफिसच्या कॉम्प्युटरवर. व्यवस्थापकांनी उतरवून घ्यायला सांगितलं. ती मला पुसता येत नाही, पण मी त्यांच्याकडे जाऊन मागेन.”

 रस्त्यावरून कुणी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“तिथे सगळ्यांच्याच आहेत ना?”

“हो. टकटकचा नाचही आहे.”

“मग राहू दे. माझी एकट्याचीच काढायला गेलीस, तर ज्यांना माहीत नाही तेही विचारत सुटतील, शेवटची कुठे गेली म्हणून.” त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि पुन्हा घातला, आता तो कशासाठी पुसायचा, हे दोघांनाही कळत नव्हतं. “नोंद कुठपर्यंत आली?”

“इमर्जची? झाली जवळजवळ. ‘बाहेर येणे, दृष्टीस पडणे’ असं ठरलंय. उदाहरण तेवढं राहिलंय. अंधारातून उजेडात येण्याचं.”

“कोणतं घालणार आहेस?”

“सूर्याचं घालते,” ती मान खाली घालून म्हणाली. “ढगांमागून सूर्य बाहेर आला.”

“घाल,” सर म्हणाले. “सूर्याला काही वाटत नाही.”